पिशवीवरचा नंबर

मालकांच्या घरचा फोन नंबर पुण्यातल्या निम्म्या गटारांना पाठ होता. हे मी नाही, तेच म्हणायचे. त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीवर ठळक मराठी अक्षरांत मजकूर असे: "ही पिशवी मी केली आहे. नको झाली तर फेकू नका, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन." खाली त्यांचं पूर्ण नाव आणि लँडलाइनचा नंबर. कारखान्याचा नव्हे, सदाशिव पेठेतल्या राहत्या घरचा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते पुरेसं छापून झालं आहे.

पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव कायद्यालाही लागतंच. बाकीचे कारखानदार ते मुंगीलासुद्धा चष्मा लागेल अशा अक्षरात छापत. मालकांनी कुणी न सांगता ते बोटभर उंच केलं आणि घेऊन जाण्याचं वचन स्वतःच्या मनाने जोडलं. लोक फोन करत. पुण्याचेच लोक ते, एखाद्याने फुकट काही कबूल केलं की वसूल केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. एकदा मी त्यांच्या घरी बसलो असताना एका बाईंचा फोन आला. त्यांच्या पारिजातकावर मालकांची पिशवी अडकली होती. मालक म्हणाले, "येतो." पलीकडचा आवाज खणखणीत होता, मलाही ऐकू आला. "येताना आकडी घेऊन या. आमची शेजाऱ्यांकडे आहे आणि आम्ही त्यांच्याशी बोलत नाही." मालक स्कूटरला आकडी आडवी बांधून गेले. परत आले तेव्हा हातात दोन पिशव्या होत्या.

"दुसरी माझी नव्हती," ते म्हणाले, "पण आकडी नेलीच होती."

मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा पंचविशीतला, यवतमाळहून आलेला. विश्रांतवाडीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. कारखाना हडपसरला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "मशीन पुसून राहिलो, मालक." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो राऊत, पुसून राहू नका. पुसा." पुढे मी मॅनेजर झालो, लग्न केलं, विश्रांतवाडीतच घर घेतलं आणि बोलायलाही पुण्यासारखं लागलो. तरी एखादं काम सांगितलं की ते दुसऱ्या दिवशी हटकून विचारायचे, "काय राऊत, केलंत, का करून राहिलात?" हसण्यावारी न्यायचं ते. पण त्यांना उत्तर 'केलं' असंच लागतं, हे मी तेव्हापासून शिकलो आणि फार नीट शिकलो.

त्यांच्याइतका प्लास्टिकवर प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. आमच्या धंद्यात प्लास्टिकचा दाणा वितळवतात, त्याचा दुमजली उंचीचा फुगा मशीनच्या तोंडातून वर चढतो आणि तो फुगा दाबून पिशवी होते. त्या फुग्याखाली ते मान वर करून उभे राहायचे, देवळात कळसाकडे पाहत लोक उभे राहतात तसे. कुणाच्या लग्नात साडीची पिशवी हाती आली की आधी ती कानाजवळ नेऊन चुरगाळायचे. आवाजावरून म्हणायचे, "यात निम्मा जुना दाणा आहे. शहाणा माणूस आहे कुणीतरी." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "साडी कशी आहे ते बघा." ते म्हणायचे, "साडी कुणी नदीत टाकत नाही."

जुना दाणा म्हणजे वापरलेलं प्लास्टिक धुऊन, वितळवून पुन्हा केलेला दाणा. तो त्यांनी स्वतःहून वापरायला घेतला. त्यात एखादा वाळूचा कण राहिला तरी फुगा फुटतो आणि मशीन थांबतं. कामगार वैतागायचे. मालक फुटलेल्या जागेतला कण नखाने काढून तळहातावर घेत आणि म्हणत, "ही कुणाच्या तरी अंगणातली माती आहे. येऊ दे." जुन्या दाण्याची पिशवी दिसते मळकट. गादीच्या दुकानाचे एक शेठ तक्रार घेऊन आले की कव्हर कळकट दिसतं. मालकांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "गिऱ्हाईक गादीवर झोपतं का कव्हरावर?" शेठ दुसरीकडे माल घेऊ लागले. मालकांनी कव्हर पांढरं केलं नाही.

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. पाणी ओसरून पूल वाहतुकीला खुला झाला की त्या सकाळी मालक तिथे असत. कठड्याला चिंध्यांसारखं प्लास्टिक लोंबत असे. ते एकेक सोडवून उलगडत आणि वाचत. येणारेजाणारे स्कूटर हळू करून बघायचे. एकदा कुणीतरी विचारलं, "काका, काही हरवलंय का?" मालक म्हणाले, "हरवलं नाही. सापडतंय." त्यांचं एक वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं, ते त्यांनी मला त्या पुलावर पहिल्यांदा सांगितलं. "आपलं म्हणायचं तर उचलायचं, राऊत. नाहीतर आपलं म्हणू नये."

पुण्यातल्या आमच्यासारख्या कारखानदारांची एक संघटना होती, आहे. मालक तिचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून एक ठराव केला. सरकारने कान धरायच्या आत आपणच काही करायचं. नाव ठळक छापायचं, वापरलेलं प्लास्टिक परत गोळा करायचं आणि जुना दाणा वाढवत न्यायचा. सगळे हात वर झाले. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी मालकांना गुच्छ दिला. मालकांनी तिथल्या तिथे गुच्छाभोवतीचा चकचकीत कागद सोडवला, चौकोनी घडी केली आणि पाहुण्यांच्या हातात परत ठेवली. "हे आपलं," म्हणाले. फुलं तेवढी ठेवून घेतली.

वर्षभराने पाहिलं तर ठळक नाव एकट्या मालकांचंच होतं. एकाने ते नेमकं सील होतं त्या पट्टीत छापलं होतं, म्हणजे पिशवी बंद केली की नाव वितळून जायचं. दुसऱ्याची शाई बोटाला लागून निघायची. मालक बैठकीत म्हणाले, "बारसं सगळ्यांनी जेवलं. पोराचं नाव मात्र कुणी सांगेना." सगळे हसले, पुढच्या विषयाकडे वळले.

इथपर्यंतचं मी पूर्वी लिहून दिलेलं आहे. मालक गेल्यावर संघटनेने स्मरणिका काढली, तिच्यात माझा लेख होता आणि तो साधारण इथेच संपला होता. शेवटी "त्यानंतरच्या एका दुर्दैवी घटनेने" असं सुरू होणारं एक वाक्य होतं. त्या वाक्यात मी जे गुंडाळून ठेवलं, ते आता सोडवतो.

परत गोळा करण्याचं काम संघटनेच्या वतीने आमच्या कारखान्याने घेतलं आणि मालकांनी ते माझ्याकडे दिलं. शाळा, सोसायट्या पोत्यांनी प्लास्टिक आणून टाकू लागल्या. त्यात आमच्या पिशव्या थोड्या आणि दुसऱ्यांचंच फार. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं, तेलाने बरबटलेल्या पिशव्या, सगळं एकात एक. मी म्हणालो, "मालक, आपलं तेवढंच घेऊ." ते म्हणाले, "नदी असं वेगळं काढते का?" सगळं घेतलं. त्यातलं स्वच्छ होतं त्याचा दाणा झाला. चंदेरी पाकिटात तीन-चार थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्याचा दाणा होत नाही. सिमेंटच्या भट्टीत जाळायला देता येतं, पण त्यांना ते कोरडं आणि निवडलेलं हवं, आणि आमच्याकडे होतं ओलं आणि मिसळलेलं. शेड भरली. उंदीर झाले. शेजारच्या कारखान्यांनी भांडण काढलं. त्यातच बाहेरगावचे काही पाहुणे हा उपक्रम बघायला येणार असं ठरलं.

तेव्हा मला एक जागावाला भेटला. शहराच्या कडेला, टेकडीपलीकडे त्याची मोकळी जमीन होती, पत्र्याचं कुंपण घातलेली. "पाठवून द्या," म्हणाला, "मी बघतो." पहिला ट्रक मी तात्पुरता म्हणून पाठवला. दुसऱ्या ट्रकाबरोबर मी स्वतः गेलो. पहिला ट्रक जिथे ओतला होता तिथेच पडलेला होता. 'मी बघतो' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी दुसरा ट्रक तिथेच ओतू दिला, आणि पुढचेही.

दर शनिवारी संध्याकाळी मालक विचारायचे, "राऊत, गेलं का?"

मी म्हणायचो, "गेलं, मालक."

जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल चार प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने मला 'कुठे' असं कधी विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांना नकार ऐकायची सवय नव्हती असं नाही, अर्धं पुणं त्यांना नाही म्हणत होतं. मलाच नाही म्हणायची सवय नव्हती.

जागेवर धोंडिबा नावाचा म्हातारा रखवालदार होता. एका पत्र्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको हिराबाई राहत. त्याला मी लांबूनच पाहिलं होतं. एक दिवस जागावाल्याचा मला मोबाइलवर फोन आला. हसत होता. "अहो, आमचा म्हातारा येडा झालाय. तुमच्या मालकाच्या नावाच्या पिशव्या ढिगातनं वेगळ्या काढून खोलीत रचून ठेवतोय. म्हणतो, घेऊन जाणार असं लिहिलंय, मालक येणार. त्या नंबरला फोन लाव म्हणून माझ्या मागं लागलाय. काय सांगू त्याला?"

मीही हसलो. तो फोन मालकांच्या घरी जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "सांगा त्याला, येतो म्हणावं. फोनबिन करू नका."

त्यानंतर बरेच महिने गेले. म्हातारा वाट बघत रचत राहिला. खोली लहान, दाराच्या अंगाला पिशव्यांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. हे मला नंतर कळलं.

उन्हाळ्यात दुपारी ढिगाला आग लागली. कशाने ते कधीच ठरलं नाही. प्लास्टिकचा धूर जमिनीलगत पसरतो. हिराबाई पाणी आणायला गेली होती. धोंडिबा खोलीत पडला होता. त्याला भाजलं नाही, धुरानेच गेला. दार उघडायला उठला असावा. दाराशी गठ्ठ्यांमध्ये सापडला.

बाहेरचा सगळा ढीग जळून काळा गोळा झाला. त्यात कुणाचा माल होता ते देवालाही सांगता आलं नसतं. शाबूत राहिले ते खोलीतले गठ्ठे, आणि त्यातल्या प्रत्येक पिशवीवर ठळक अक्षरांत एकच नाव होतं आणि एकच नंबर. पोलिसांनी तो लावला. मालक जेवायला बसले होते.

ते कारखान्यात आले तेव्हा हाताला भात तसाच होता. "राऊत, आपला माल टेकडीपलीकडे कसा गेला?"

मी ट्रकचं सगळं सांगितलं. निरोपाचं नाही. ते मशीनपाशी उभे राहिले. वर फुगा चालू होता. म्हणाले, "मी कधी कुठे म्हणून विचारलं नाही. बंद करा मशीन."

चौकशीत अधिकाऱ्याने विचारलं, माल पाठवायचं काम कोण बघत होतं? मी खुर्चीत पुढे सरकलो. खरंच सरकलो होतो, एवढं माझ्या बाजूने लिहू द्या. पण मालकांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "माझ्या कारखान्यात सगळं मीच बघतो. नाव माझं आहे ना वर?" मी मागे टेकून बसलो. संघटनेने "एका सभासदाची वैयक्तिक चूक" असं पत्रक काढलं. नवीन अध्यक्ष निवडले. आमच्या कारखान्याला सील लागलं.

त्याच आठवड्यात मालक हिराबाईकडे गेले. तिची मुलगी तिथून जवळच्याच वस्तीत राहायची, तिच्या घरी ती होती. स्कूटरवर मागे मी बसलो होतो. मालक तिच्यासमोर जमिनीवर बसले. हात जोडून तसेच बसून राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहत होतो.

हिराबाई म्हणाली, "तुमीच का त्ये नंबरवालं?"

"हो."

"त्ये रोज म्हनायचं, मालक येनार हायेत. चांगल्या घरचा मानूस दिसतोय, घरचा नंबर दिलाय. निरोप धाडला व्हता त्यांनी तुमास्नी. जागावाला म्हनला, कळवलंय, येतो म्हनालेत."

मालक माझ्याकडे वळले. "राऊत, आपल्याकडे असा काही निरोप आला होता?"

मी म्हणालो, "नाही."

तिथे पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या पायांचा आवाज येत होता. एवढंच मला आठवतं. शब्द तोंडातून जाताना जड गेला नाही. सवयीचा होता.

मालकांनी मग स्वतःच हिशेब मांडला. जागावाला तोवर परागंदा झाला होता, त्याला विचारणं शक्य नव्हतं. कळवलं म्हणाला म्हणजे त्याने पिशवीवरच्या नंबरावरच फोन केला असणार. घरात कुणी नसणार, किंवा काकूंनी कुणाचा तरी राँग नंबर म्हणून ठेवून दिला असणार, आणि 'येतो म्हणाले' हे त्याने म्हाताऱ्याला आपल्या मनाने सांगितलं असणार. सगळं नीट जुळत होतं. एकच दुरुस्ती करायची होती आणि ती करणारा माणूस त्यांच्यासमोर बसून चहा पीत होता.

त्यानंतर मालक फोनपासून हलले नाहीत. हे अक्षरशः घ्या. कारखाना नव्हताच. खटल्याच्या तारखांना जावं लागे तेव्हा काकूंना फोनपाशी बसवून जात. आंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवत. शहरात पिशव्या अजून फिरत होत्या, फोन येत होते. काही लोक शिव्या द्यायला करत, मालक त्यांनाही विचारत, "पिशवी आहे का तुमच्याकडे? पत्ता सांगा." भिडे पुलावर जाणं बंद झालं. मी एकदा म्हणालो, "चला, जरा फिरून येऊ." ते म्हणाले, "आणि तेवढ्यात वाजला तर?"

मी भेटायला गेलो की ते एकच वाक्य बोलायचे. "निरोप मिळाला असता तर मी त्याच दिवशी गेलो असतो, राऊत." मी म्हणायचो, "हो, मालक." ते गेलेच असते. पिशव्या उचलल्या असत्या, ढीग पाहिला असता, माझी हजेरी घेतली असती आणि दुसऱ्या दिवसापासून तो ढीग निवडायला स्वतः बसले असते. धोंडिबा आज असता.

मला दुसरी नोकरी लगेच मिळाली, संघटनेतल्याच एका मोठ्या कारखान्यात. गोळा करण्याच्या कामाचा अनुभव होता ना. माझ्या कार्डावर पर्यावरणाचं नाव असलेला लांबलचक हुद्दा आहे. मध्यंतरी एका हॉटेलात नव्या संकल्पाचा समारंभ झाला. सगळे हात वर झाले. मी व्यासपीठावर होतो. पिशवीवर नाव ठळक छापण्याचा मुद्दा नव्या मसुद्यात नाही. तो वगळावा असं कुणी म्हणालं नाही, तो कुणी घातलाच नाही. मीही नाही. मला गुच्छ मिळाला, चकचकीत कागदातला. मी तो तसाच घरी आणला.

मालक रुग्णालयात गेले ते घरी आले नाहीत. खटलाही तेव्हा संपला नव्हता. शेवटच्या दिवशी मी होतो. श्वास लागत होता, तरी त्यांनी काकूंचा हात धरून विचारलं, "तू इथे, मग फोनपाशी कोण आहे?" काकू म्हणाल्या, "शेजारच्यांना बसवलंय." खोटं होतं. मी खोली सोडून बाहेर आलो. त्या घरातल्या सरळ बोलणाऱ्या बाईलाही माझ्यामुळे खोटं बोलावं लागत होतं.

स्मरणिका घेऊन मी काकूंकडे गेलो. त्यांनी माझा लेख चष्मा लावून वाचला, स्मरणिका मिटून ठेवली. "बरं लिहिलंय," म्हणाल्या. मग फोनकडे बघत बोलू लागल्या. "अजून येतात हो फोन. मी सांगते, ते गेले. तर लोक विचारतात, मग पिशवी कुणाला द्यायची?" चष्मा काढून म्हणाल्या, "राऊत, तुम्हाला एक सांगते, त्यांना कधी बोलले नाही. त्या काळात मी दर मंगळवारी बहिणीकडे जायचे, दुपारची. घरात कुणी नसायचं. तो फोन मंगळवारी आला असेल. ते मला कधी टोचून बोलले नाहीत, पण त्यांनाही तसंच वाटत असणार. मी तेव्हापासून बहिणीकडे गेले नाही. ती गेली तेव्हा गेले, तेवढंच."

मी सांगून टाकलं. जागावाल्याचा फोन, माझं हसणं, 'येतो म्हणावं', आणि हिराबाईसमोरचं ते 'नाही'. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे पोटात धरलं ते एवढंसंच होतं.

काकू उठल्या. आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मला वाटलं चहा ठेवत आहेत. बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते.

"म्हणजे फोन वाजलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ते रोज रात्री उठून रिसिव्हर कानाला लावून बघायचे, चालू आहे ना म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला सांगितलंत. त्या बाईला कोण सांगणार?"

मी उठलो. दारापर्यंत त्या आल्या नाहीत. जिन्यात असताना त्यांचा आवाज आला, चढा नव्हता. "राऊत, आता परत येऊ नका."

हिराबाईला शोधायला वेळ लागला नाही. ती अजून मुलीकडेच आहे, खूप थकली आहे. मी कोण ते तिला आठवत नव्हतं. मालकांच्या मागे स्कूटरवर बसून आलेला, असं सांगितल्यावर आठवलं. मालक गेल्याचं सांगितलं. "चांगला मानूस," ती म्हणाली. मग मी निरोपाचं सांगितलं. निरोप मला मिळाला होता, येतो म्हणणारा मी होतो. तिची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "आन् आता आलाय व्हय?" हिराबाईने हाताने तिला गप्प केलं.

ती भिंतीला धरून उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक गठ्ठा घेऊन आली. पोलिसांनी बाकीचे नेले, तेव्हा हा एक मागे राहिला होता. पिशवीवर पिशवी सपाट केलेली, चारी कडा जुळवलेल्या, वर सुतळीची गाठ. धोंडिबाने मारलेली. इतक्या वर्षांत तिने ती सोडली नव्हती.

तिने तो माझ्या पुढ्यात ठेवला. "येतो म्हनला व्हता न्हवं? घिऊन जा."

एवढंच बोलली. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

गठ्ठा विश्रांतवाडीच्या घरी आहे, माझ्या कपाटात. बायकोने विचारलं तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. त्या पिशव्यांचा दाणा करता आला असता, अजूनही येईल, माल चांगला आहे. वर त्यांचं नाव आहे आणि त्या म्हाताऱ्याची गाठ आहे, ती मला सोडवत नाही. शनिवारी संध्याकाळी कपाट उघडलं की तो दिसतो. मालकांनी आता विचारलं, राऊत, गेलं का, तर पहिल्यांदाच खरं उत्तर देता येईल. नाही, मालक. इथेच आहे.